लॅटिनचे दार उघडणारा कोमेनियस

इ. स. १६०८ साली मध्य युरोपातील मोराव्हिया प्रांतात, प्शेरोव या गावच्या लॅटिन शाळेत एक नवा विद्यार्थी दाखल झाला. वर्गातील बाकीची मुले त्याच्याहून पुष्कळ लहान होती. हा सोळा वर्षांचा. आईवडील दोघेही वारलेले, हाताशी पैसा नाही आणि लॅटिनची ओळखही नाही. हाच मुलगा पुढे साऱ्या युरोपाला लॅटिन शिकवणार होता आणि त्याच्या पाठ्यपुस्तकांवर पिढ्यान् पिढ्या वाढणार होत्या. त्याचे नाव यान आमोस कोमेन्स्की. लॅटिनमध्ये लिहू लागल्यावर त्याचे कोमेनियस झाले आणि जग त्याला याच नावाने ओळखते.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून कोमेनियसचे नाव हटकून येते. आधुनिक शिक्षणाचा जनक म्हणून त्याच्यावर एक परिच्छेद असतो, खाली त्याच्या ग्रंथांची यादी असते आणि परीक्षेत चार गुणांची टीप येते. पण वयाने मोठा झाल्यावर, लहान मुलांच्या बाकावर बसून परकी भाषा घोकणारा हा माणूस त्या टीपेत कुठेच सापडत नाही. मला त्याच्याविषयी लिहावेसे वाटले ते त्या बाकामुळे.

त्या काळी युरोपात लॅटिन ही कोणाच्याच घरची भाषा उरलेली नव्हती. आई लॅटिनमध्ये अंगाई गात नव्हती की बाजारात कोणी लॅटिनमध्ये घासाघीस करत नव्हते. पण वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र, गणित, सारे विद्याधन लॅटिनच्या कुलपात होते. विद्यापीठातील व्याख्याने लॅटिनमध्ये, वादविवाद लॅटिनमध्ये, परदेशच्या विद्वानाला लिहायचे पत्रही लॅटिनमध्ये. ज्याला लॅटिन येत नाही तो कितीही बुद्धिमान असला तरी उंबऱ्याबाहेर. आपल्याकडे ही जागा आधी संस्कृतने, मग राजदरबारी फारसीने आणि शेवटी इंग्रजीने घेतली. तेव्हा उंबरा म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून मला तर नाहीच नाही.

कोमेनियसचा जन्म २८ मार्च १५९२ चा. जन्मगाव कोणते यावर तीन गावे हक्क सांगतात, यावरून त्याची पुढची थोरवी लक्षात यावी. घराणे बंधुसंघ नावाच्या एका लहान प्रॉटेस्टंट पंथाचे होते. या पंथाने बायबलाचे चेक भाषेत भाषांतर करून छापले होते आणि मुलांना मातृभाषेत वाचायला शिकवण्याचा त्यांचा परिपाठ होता. मुलगा बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास वडील गेले, आई गेली आणि दोन बहिणीही गेल्या. आत्याने त्याला स्ट्राझ्नित्से या गावी आपल्याकडे नेले. तिथे जरा कुठे शाळा सुरू झाली, तोच १६०५ साली स्वारी आली आणि ते गाव जळाले. त्यानंतरची तीन-चार वर्षे शिक्षणाच्या दृष्टीने वाया गेली. हे गमावलेले दिवस कोमेनियसच्या मनाला आयुष्यभर टोचत राहिले. पुढे म्हातारपणापर्यंत तो त्यांचा उल्लेख करीत असे.

पण उशिरा शिकायला बसण्याचा एक फायदा असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला छडी बसली की तो रडतो आणि पाठांतर करतो. सोळा वर्षांचा मुलगा पाठांतर तर करतोच, शिवाय असे का शिकवतात म्हणून मनाशी विचारही करतो.

ते शिकवत तरी कसे, हे थोडे पाहू. लॅटिनमध्ये क्रियापद हा वाक्याचा कणा असतो. प्रेम करणे या अर्थाच्या धातूची वर्तमानकाळाची रूपे अशी होतात : आमो, आमास, आमात, आमामुस, आमातिस, आमान्त. म्हणजे मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो. आम्ही, तुम्ही, ते. ज्यांनी शाळेत पठामि, पठसि, पठति म्हटले आहे त्यांच्या कानाला हे ओळखीचे वाटेल. संस्कृतातील ‘सि’ तिथे ‘स’ झाला, ‘ति’ चा ‘त’ राहिला, ‘मः’ चा ‘मुस’ झाला आणि ‘न्ति’ चा ‘न्त’. आपला ‘अस्ति’ तिथे ‘एस्त’ आहे आणि ‘सन्ति’ तिथे ‘सुन्त’. या दोन भाषा एकाच मुळाच्या असाव्यात, हे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ साली जाहीरपणे मांडले. कोमेनियसच्या काळी ते फारसे कोणाच्या ध्यानी आलेले नव्हते. लॅटिनमध्ये कर्ता वेगळा सांगावा लागत नाही, तो क्रियापदाच्या शेपटात दडलेला असतो. आपण मराठीत नुसते ‘येईन’ म्हटले तर ‘मी’ त्यातच आला, तसेच हे.

संस्कृतात धातूंचे गण दहा. लॅटिनात मुख्य चार. आमारे, मोनेरे, रेगेरे, आउदिरे, म्हणजे प्रेम करणे, बजावणे, राज्य करणे, ऐकणे, हे त्या चार घरांचे नमुने. ऐकायला सोपे आहे. पण काळ सहा, प्रयोग दोन, त्यात अर्थ वेगवेगळे. एका धातूची सगळी रूपे मांडली तर ती शंभराच्या पुढे जातात. वास्तविक यातली काही रूपे आपण रोज वापरतो. व्हिडिओ म्हणजे लॅटिनमध्ये मी पाहतो; ऑडिओ म्हणजे मी ऐकतो; व्हेटो म्हणजे मी मनाई करतो. नाट्यगृहाच्या दारावरचे एक्झिट म्हणजे तो बाहेर जातो. मंडळाच्या सभेचा अजेंडा म्हणजे ज्या गोष्टी करायच्या आहेत त्या. आपल्या गावात लॅटिन कोणाला येत नाही असे म्हणतात, पण तिची क्रियापदे एस. टी. स्टँडपर्यंत पोचलेली आहेत.

तर अशी ही शंभरावर रूपे मुलांनी आधी पाठ करायची, त्यांचे अपवाद पाठ करायचे, अपवादांचे अपवाद पाठ करायचे. जोडीला काटोच्या नावावर चालणारी नीतिपर द्विपद्ये आणि जुनी वचने पाठ करायची. इरॅस्मसने १५०० साली ग्रीक-लॅटिन म्हणींचा संग्रह प्रसिद्ध केला होता. पुढच्या आवृत्त्यांत तो वाढत वाढत चार हजारांवर म्हणींचा झाला. विद्वानाला अशा म्हणी जिभेवर लागत. पण ज्या मुलाला दोन वाक्येही जुळवता येत नाहीत त्याने त्या पोपटासारख्या म्हणायच्या, असा प्रकार होता. सर्वांत कहर म्हणजे लॅटिनचे व्याकरण शिकवणारे पुस्तकही बहुधा लॅटिनमध्येच लिहिलेले. पेटीला कुलूप लावून किल्ली पेटीतच टाकावी, तसे हे झाले. मुलगा अडला की छडी. दहा-दहा वर्षे अशी गेली तरी बाहेर पडणाऱ्या मुलाला धड बोलता येत नसे. परक्या मुलखात गेलेला एखादा स्वयंपाकी किंवा सैनिक दोन वर्षांत तिथली बोली बोलू लागतो, मग शाळेत इतकी वर्षे का लागतात, हा प्रश्न कोमेनियसने पुढे आपल्या ग्रंथात विचारला. त्या शाळांना त्याने कत्तलखान्याची उपमा दिली आहे. तो स्वभावाने मवाळ होता, तेव्हा ही उपमा त्याच्या लेखणीतून सहज उतरली नसणार.

तीन वर्षांत लॅटिन हस्तगत करून तो १६११ साली जर्मनीतील हर्बोर्न येथे उच्च शिक्षणाला गेला. तिथे आल्स्टेड नावाचा विद्वान त्याला गुरू लाभला. सर्व ज्ञानाची एकत्र मांडणी करणारा विश्वकोश लिहावा, हे वेड गुरूकडून शिष्याकडे आले. पण त्याच सुमारास, १६१२ साली, या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आणखी एक काम हाती घेतले. आपल्या चेक भाषेचा शब्दकोश. चेक शब्द, त्यांचे लॅटिन प्रतिशब्द, वाक्प्रचार, म्हणी, सारे त्यात यायचे होते. लॅटिनच्या वैभवाने डोळे दिपण्याच्या वयात त्याला आपल्या भाषेतले शब्द गोळा करावेसे वाटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढची चाळीसहून अधिक वर्षे तो हा कोश वाढवीत राहिला.

हर्बोर्नहून तो हायडेलबर्गला गेला. तिथे १६१४ साली त्याने एका प्राध्यापकाच्या विधवेकडून एक हस्तलिखित विकत घेतले. ते होते कोपर्निकसच्या सुप्रसिद्ध ग्रंथाचे, खुद्द कोपर्निकसच्या हातचे! पैसे संपले म्हणून परतीचा सारा प्रवास त्याने पायी केला. मौज अशी की, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे म्हणणे कोमेनियसला कधीच पटले नाही. न पटणाऱ्या ग्रंथासाठी पदरचे पैसे मोजणारा वाचक विरळाच. ते हस्तलिखित आज पोलंडमध्ये क्राकोच्या विद्यापीठ-ग्रंथालयात जपून ठेवलेले आहे.

परत आल्यावर प्शेरोवच्या त्याच शाळेत तो शिक्षक झाला. ज्या बाकावर आपण कुढत बसलो त्या बाकांसमोर उभे राहताच त्याने पहिले काम केले ते लॅटिन व्याकरणाचे नियम सोपे करून लिहिण्याचे. ही पुस्तिका १६१६ साली प्रागमध्ये छापली गेली. त्याच वर्षी त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १६१८ पासून फुल्नेक या गावी मंडळीचे काम आणि शाळेचे काम अशी दोन्ही ओझी त्याने घेतली. लग्न झाले, मुले झाली. आयुष्यात जर त्याला कुठे स्वस्थता लाभली असेल तर ती या फुल्नेकच्या दोन-तीन वर्षांत.

त्याच १६१८ साली तीस वर्षे चाललेले ते भयंकर युद्ध पेटले. १६२० साली प्रागजवळच्या श्वेतगिरीच्या लढाईत प्रॉटेस्टंट सरदारांचा पाडाव झाला आणि बंधुसंघाच्या उपदेशकांना दिवसाढवळ्या वावरणे कठीण झाले. १६२१ साली सैन्याने फुल्नेक लुटले. कोमेनियस भूमिगत झाला. तो लपूनछपून दिवस काढीत असतानाच १६२२ साली प्लेगने त्याची पत्नी आणि दोन्ही चिमुरडी मुले नेली. पुढच्या वर्षी फुल्नेकच्या चौकात त्याची पुस्तके जाळण्यात आली. एका दयाळू सरदाराच्या जहागिरीत दडून राहून त्याने या दिवसांत एक रूपककथा लिहिली, ती चेक भाषेत. जग नावाच्या चक्रव्यूहात एक यात्रेकरू हिंडतो आणि जिकडे तिकडे त्याला फसवणूक दिसते, असे तिचे कथानक आहे. चेक साहित्यात या ग्रंथाचे स्थान फार वरचे मानतात. दुःख सांगायची वेळ आली तेव्हा त्याला लॅटिन आठवली नाही, एवढेच मी नोंदवते.

१६२७ साली बोहेमियात, आणि पाठोपाठ मोराव्हियातही, कॅथलिक पंथाखेरीज दुसरा पंथ पाळण्यास मनाई करणारे फर्मान निघाले. १६२८ च्या फेब्रुवारीत भर हिवाळ्यात कोमेनियस आपल्या नव्या संसारासह पर्वत ओलांडून पोलंडमध्ये लेश्नो या गावी गेला. पुन्हा मायदेशी राहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही.

लेश्नोच्या शाळेत तो लॅटिन शिकवू लागला आणि इथे त्याच्या विचारांना खरा आकार आला. आज ना उद्या आपण परत जाऊ, तेव्हा देशातील शाळा पुन्हा उभाराव्या लागतील, म्हणून त्याने अध्यापनशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. तोही आधी चेकमध्ये. लॅटिन रूप नंतरचे. त्यातली योजना थोडक्यात अशी : पहिली सहा वर्षे आईच्या मांडीवरची शाळा, सहा ते बारा मातृभाषेची शाळा, तीही गावोगावी, बारा ते अठरा लॅटिन शाळा, पुढे विद्यापीठ. मातृभाषेच्या शाळेत सर्वांनी यायचे. श्रीमंताने, गरिबाने, मुलाने आणि मुलीनेही. आधी वस्तू, मग शब्द. आधी उदाहरण, मग नियम. आधी आपली भाषा, मग परकी. आज या गोष्टी शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही गाइडात सापडतात. पण आपल्याकडे जोतीराव फुल्यांना खालच्या थरातील मुलामुलींच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी १८८२ साली हंटर आयोगापुढे करावी लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी एका निर्वासिताने हे लिहून ठेवले होते याचे मोल कळते.

या मोठ्या ग्रंथाची त्या वेळी फारशी कोणी दखल घेतली नाही. गाजले ते १६३१ साली आलेले एक पाठ्यपुस्तक. त्याचे नाव ‘यानुआ लिंग्वारुम रेसेराटा’, म्हणजे भाषांचे उघडलेले दार. नावाची आणि मूळ कल्पनेची उसनवारी त्याने उघडपणे मान्य केली आहे. स्पेनमधील सालामांका येथील आयरिश जेझुइटांनी १६११ साली अशाच नावाचे पुस्तक काढले होते. कॅथलिक राजसत्तेने ज्याला देशोधडीला लावले त्याने कॅथलिक साधूंच्या पुस्तकाचे ऋण मोकळेपणाने सांगावे, ही गोष्ट मला पुस्तकाइतकीच मोठी वाटते.

पुस्तकाची घडण अशी होती. सुमारे आठ हजार शब्द, त्यांची एक हजार वाक्ये, वाक्यांचे शंभर पाठ. वाक्ये लहानापासून मोठ्याकडे जाणारी. विषय मात्र खऱ्या जगातले : पृथ्वी, पाणी, अग्नी, झाडे, जनावरे, माणसाचे शरीर, शेती, घर, गलबत, न्याय, धर्म. लॅटिन मजकुराशेजारी मुलाच्या स्वतःच्या भाषेतील मजकूर. म्हणजे लॅटिन शिकता शिकता मुलगा जगही शिकणार. इतके दिवस क्रियापद नुसते चालवून दाखवायचे असे. आता ते कामाला लागले. कोणीतरी नांगरतो, कोणीतरी पेरतो, कोणीतरी दळतो. पुस्तक वणव्यासारखे पसरले. थोड्याच वर्षांत ते युरोपातील डझनभर भाषांत गेले. काही आशियाई भाषांतही ते गेले.

याच सुमारास आपल्या गोव्यातही भाषाशिक्षणाचे एक मोठे पाऊल पडले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी लॅटिन व्याकरणाचा साचा पुढे ठेवून तिथल्या बोलीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले होते आणि ते १६४० साली राशोल येथे छापले गेले. तिकडे लॅटिनला लोकभाषांच्या हाताने शिकवणे चालले होते, इकडे आपल्या लोकभाषेला लॅटिनचा अंगरखा शिवला जात होता.

‘यानुआ’त दोष नव्हते असे मुळीच नाही. आठ हजार शब्द, आणि त्यांतला बहुतेक प्रत्येक शब्द एकदाच आलेला. जो शब्द पुन्हा भेटत नाही तो लक्षात कसा राहणार? पहिल्याच वर्षी हे पुस्तक हाती पडलेल्या मुलाची काय त्रेधा उडत असेल याची कल्पना करवत नाही. कोमेनियसच्या हे ध्यानात आले. १६३३ साली त्याने अगदी नवख्यांसाठी सुमारे हजार शब्दांचे छोटे पुस्तक काढले आणि त्याला नाव दिले ‘वेस्टिब्युलुम’, म्हणजे ओसरी. दारातून आत शिरण्याआधी ओसरीवर टेकायला जागा हवी, हे त्याला कळले.

आता त्याचे नाव देशोदेशी झाले. पुढची काही वर्षे भराभर सांगून टाकते. १६४१ साली इंग्लंडमधील मित्रांनी त्याला लंडनला बोलावले. तोच तिथे यादवीचे ढग जमले आणि बेत फिसकटला. परतीच्या वाटेवर हॉलंडमध्ये त्याची डेकार्ट या तत्त्वज्ञाशी चार तास चर्चा झाली. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण निरोप स्नेहाने झाला. मग स्वीडनने त्याला कामाला लावले, लॅटिनची पाठ्यपुस्तके लिहिण्याच्या. त्याला लिहायचा होता सर्व ज्ञानाचा ग्रंथ, पण पैसे मिळत होते क्रियापदे चालवून दाखवण्याचे. सहा वर्षे एल्बिंग येथे त्याने ती चाकरी केली, मनात आशा एवढीच की युद्ध संपेल तेव्हा स्वीडन आपल्या लोकांना विसरणार नाही. १६४८ साली तह झाला. त्यात चेक निर्वासितांसाठी काहीच नव्हते. त्याच वर्षी त्याची दुसरी पत्नीही वारली.

१६५० साली हंगेरीतील शारोश्पाटोक येथील राजघराण्याने त्याला शाळा सुधारण्यासाठी बोलावले. तिथे चार वर्षांत त्याला दोन गोष्टी सुचल्या. एक म्हणजे पुस्तकाचीच नाटके करून ती मुलांकडून रंगमंचावर वठवून घेणे. संवाद पाठ करता करता लॅटिन आपोआप जिभेवर बसते आणि लाजरी मुले बोलू लागतात. आपल्या स्नेहसंमेलनाचे हे पूर्वजच म्हणायला हरकत नाही. दुसरी म्हणजे चित्रांचे पुस्तक. हंगेरीत चित्रांचे ठसे कोरणारा चांगला कारागीर मिळेना, म्हणून हस्तलिखित न्यूरेंबर्गला पाठवावे लागले आणि १६५८ साली ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टुस’, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या जगाचे चित्रपुस्तक, बाहेर पडले. लहान मुलांसाठी काढलेल्या सचित्र पाठ्यपुस्तकांत याला अग्रपूजेचा मान आहे. दुसऱ्याच वर्षी इंग्रजी आवृत्ती निघाली. जर्मन महाकवी ग्योथे लहानपणी याच पुस्तकावर वाढला.

या पुस्तकाची छायाचित्रित प्रत आज कोणालाही पाहता येते, आणि ती पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला मुळाक्षरे आहेत, पण ‘अ’ अननसाचा अशा धर्तीची नव्हेत. प्रत्येक अक्षरापुढे एक प्राणी किंवा माणूस आहे आणि त्याच्या तोंडून निघणारा आवाज म्हणजे ते अक्षर. कावळ्याचा अ, कोकराचा ब, सापाचा स, कोंबडीच्या पिलाचा प. आणि प्रत्येकाच्या आवाजाला स्वतंत्र क्रियापद. कोकरू करते ते ‘बालात’, लांडगा करतो ते ‘उलुलात’, साप करतो ते ‘सिबिलात’, बेडूक करतो ते ‘कोआक्सात’. आपणही प्राथमिक शाळेत गाईचे हंबरणे, घोड्याचे खिंकाळणे, म्हशीचे रेकणे म्हणतच होतो की! व्याकरणाचे नावही न घेता मुलगा पहिल्याच दिवशी तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापदे वीसेक तरी शिकून जातो, आणि तीही हसत हसत.

पुढे दीडशे पाठ आहेत आणि बहुतेक पाठावर एक चित्र. चित्रातल्या वस्तूंना आकडे घातलेले, मजकुरात त्या त्या शब्दाला तोच आकडा. म्हणजे शब्द वाचला की बोट चित्रावर जाते. आकाश, ढग, फुले, मासे इथपासून ते पाव भाजणारा, विणकर, शिंपी, चांभार, सुतार, लोहार, न्हावी यांच्यापर्यंत सगळे यात आहेत. कुंभारही आहे.

कुंभाराच्या चित्रापाशी मी जरा जास्त वेळ थांबले. आमच्या घरी चाक आहे. माती तुडवणे, गोळा चाकावर बसवणे, कच्च्या मडक्याला आतून दगड धरून बाहेरून थापीने ठोकणे, आवा लावणे, हे शब्द मी बोलायला लागले तेव्हापासून माझ्या कानांवर आहेत. शाळेच्या पुस्तकात मात्र कुंभार भेटला तो बारा बलुतेदारांच्या यादीतला एक म्हणून, स्वल्पविरामांच्या मध्ये. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रात कुंभार बसलेला आहे, त्याला आकडा आहे, त्याच्या चाकाला आकडा आहे, मातीला आकडा आहे. कुंभार फिगुलुस, चाक रोता, माती आर्गिला. रोता हा शब्द आपल्या रथाचा भाऊबंद आहे. भट्टीत भाजण्याला तिथे जे क्रियापद आहे, कोक्वित, तेच लॅटिनमध्ये अन्न शिजवण्याचेही आहे, आणि संस्कृतातील पचति त्याच्याच कुळातले. राजवाड्यातल्या मुलांना लॅटिन शिकवायला बसलेल्या या माणसाला कुंभाराचे काम हा विद्येचा विषय वाटला. वडिलांना मी ते चित्र दाखवले. त्यांनी कुंभाराकडे पाहिलेच नाही. चाक कसे फिरवतो ते मात्र नीट न्याहाळले.

हंगेरीहून कोमेनियस लेश्नोला परतला तो दुर्दैवाच्या वाटेवरच. १६५५ साली स्वीडनच्या राजाने पोलंडवर स्वारी केली. प्रॉटेस्टंट राजा आला, आता आपले दिवस पालटतील, या भरात कोमेनियसने त्याच्या गौरवाचे एक भाषण लिहून छापले. ज्या देशाने पंचवीसहून अधिक वर्षे आसरा दिला त्याच्या शत्रूची स्तुती! त्याचे चाहते या गोष्टीवर सहसा बोलत नाहीत, पण ही गोष्ट चुकीचीच होती. १६५६ च्या एप्रिलात पोलिश सैन्याने सूड म्हणून लेश्नो पेटवले. निरपराध गावकरी बेघर झाले. कोमेनियसचे घर, ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखिते जळाली. त्यात तो कोश होता. १६१२ साली वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केलेला आणि चौसष्टाव्या वर्षापर्यंत शब्द शब्द जमवून वाढवलेला चेक भाषेचा कोश. बाकीचे पुन्हा लिहिता येईल, पण या कोशाचे दुःख मरेपर्यंत सरणार नाही, असे तो म्हणत असे. लॅटिन दार उघडणारी त्याची पुस्तके तोवर युरोपभर हजारो घरांत पोचलेली होती. ती जाळून नष्ट होणे शक्यच नव्हते. जळाले ते त्याच्या आईच्या भाषेचे पुस्तक, कारण त्याची दुसरी प्रत नव्हती.

आश्रयदात्याच्या मुलाने त्याला अॅमस्टरडॅमला नेले. १६५७ साली तिथे त्याच्या शिक्षणविषयक सर्व ग्रंथांचा चार भागांचा भव्य संग्रह निघाला आणि अध्यापनशास्त्रावरचा तो मोठा ग्रंथ, लिहून झाल्यावर पंचवीसेक वर्षांनी, लॅटिनमध्ये लोकांपुढे आला. त्याच वर्षी त्याने काही भविष्यवाद्यांच्या दृष्टांतांचे पुस्तकही छापले. जुलमी राजवंश आता कोसळणार, असली भाकिते त्यात होती. ती खोटी ठरली आणि विद्वानांत त्याचे हसे झाले. एवढ्या विवेकी माणसाने अशा भाकितांवर भरवसा ठेवावा याचे नवल वाटते. पण घरी परतण्याची दुसरी कोणतीच वाट उरली नव्हती, हेही विसरता येत नाही.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी अॅमस्टरडॅममध्ये कोमेनियस वारला. जवळच्या नार्डेन गावी एका लहानशा चर्चमध्ये त्याला पुरले. मानवी व्यवहारांच्या सुधारणेवरचा त्याचा सात भागांचा अपुरा ग्रंथ बेपत्ता झाला होता. त्याचे हस्तलिखित १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत हाले येथील एका अनाथाश्रमाच्या ग्रंथालयात सापडले आणि १९६६ साली प्रागमध्ये ते छापले गेले. एका अनाथ मुलाचा ग्रंथ अनाथाश्रमात सांभाळला गेला, हा निव्वळ योगायोग. चेक लोक २८ मार्च हा त्याचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळतात.

कोश गेला, तरी त्याने जमवलेला चेक म्हणींचा एक संग्रह हस्तलिखितात वाचला आणि पुढे प्रसिद्ध झाला. इरॅस्मसने ग्रीक-रोमनांच्या म्हणी वेचल्या, याने आपल्या गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या. चित्रपुस्तकाची हकीकत मात्र वेगळी. १६५८ च्या पहिल्या आवृत्तीत लॅटिनशेजारी जर्मन होती, नंतरच्या आवृत्त्यांत इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आल्या. चेक मजकूर असलेली आवृत्ती निघाली ती १६८५ साली, लेवोचा या गावी. त्यात लॅटिन, जर्मन, हंगेरियन आणि चेक असे चार भाषांतील मजकूर शेजारी शेजारी होते. तोवर कोमेनियसला जाऊन पंधरा वर्षे झाली होती.